एका रात्रीत तीन बार: 'बार हॉपिंग'मध्ये कायद्याचं लक्ष नेमकं कुठे सुटतं?

शुक्रवारी ऑफिस सुटता सुटता ग्रुपवर मेसेज पडतो, 'बसायचं का?' तासाभरात चौघं-पाचजण जमतात. एका ठिकाणी बिअर, दुसरीकडे संगीत चांगलं म्हणून तिथे कॉकटेल आणि मग 'शेवटचा एक' म्हणत तिसरा बार. मुंबईत कुलाबा, लोअर परळ, वांद्र्यात आणि पुण्यात कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेरमध्ये अशा रात्री नवीन नाहीत. याला 'बार हॉपिंग' म्हणतात.

यात बेकायदेशीर काही नाही. पण महाराष्ट्रातले नियम एकेका बारचा आणि एकेका वाहनचालकाचा विचार करून बनलेत. एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये जाणारा माणूस या दोन्हींच्या मधल्या फटीत सापडतो.

कायदा काय सांगतो?

राज्यात आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 लागू आहे. त्यानुसार दारू पिण्यासाठी परवाना लागतो. 'परमिट रूम' हा शब्द आला तो इथूनच. बिअरसाठी वयाची अट 21 वर्षं आहे, तर व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी 25.

मुंबई-पुण्यात बार रात्री दीडपर्यंत चालतात. जानेवारी 2020 मध्ये 'मुंबई 24 तास' धोरण आलं, तेव्हाही पब आणि बारची वेळ वाढवली नव्हती.

बारमालकाने वय तपासायचं आणि वेळ पाळायची. पण समोरचा गिऱ्हाईक आधीच्या दोन ठिकाणी किती प्यायला, हे तिसऱ्या बारला कळायचा मार्गच नाही. प्रत्येक बिल नव्याने सुरू होतं. शरीरातलं अल्कोहोल मात्र साठत जातं.

'एवढ्याने काही होत नाही' हे खरं आहे का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15 हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

शेवटचा पेग संपल्यावरही काही वेळ रक्तातलं अल्कोहोलचं प्रमाण वाढत राहतं. म्हणजे बारमधून निघताना 'ठीक' वाटणारा माणूस अर्ध्या तासाने, नेमका रस्त्यावर असताना, जास्त नशेत असू शकतो. लिंबूपाणी किंवा कडक कॉफीने हे प्रमाण कमी होत नाही. त्याला वेळच द्यावा लागतो.

पुण्यात काय घडलं होतं?

19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे कारने दुचाकीला धडक दिली. त्यात दोन तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअर्सचा जीव गेला. कार चालवणारा मुलगा 17 वर्षांचा होता. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, त्या रात्री तो मित्रांसोबत एक नव्हे, दोन ठिकाणी गेला होता.

300 शब्दांच्या निबंधाची अट घालून मिळालेला जामीन आणि रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप यांवर खूप चर्चा झाली. अल्पवयीन मुलांना दारू दिल्याच्या आरोपावरून मद्य देणाऱ्या ठिकाणांच्या चालकांनाही अटक झाली. पण एका ठिकाणाहून दुसरीकडे आणि तिथून घरी माणूस जातो कसा, हा प्रश्न मागेच राहिला.

अडचण रस्त्याची आहे

कुलाब्यात एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये चालत जाता येतं. पुण्यात मुंढव्याहून बाणेरला जायचं तर गाडी लागते. आणि बेत आयत्या वेळी ठरलेला असल्याने गाडी आधीच सोबत असते, कारण माणूस सकाळी तीच घेऊन ऑफिसला आलेला असतो.

परतीचं गणितही जुळत नाही. पुणे मेट्रो रात्री 11 च्या सुमारास थांबते. मुंबईत शेवटच्या लोकल साधारण साडेबारा ते एकच्या दरम्यान सुटतात. बार बंद होतात दीडला. म्हणजे हजारो लोक एकाच वेळी बाहेर पडतात तेव्हा सार्वजनिक वाहतूक जवळपास झोपलेली असते. उरते रिक्षा, कॅब किंवा स्वतःची गाडी. कॅबचे दर नेमके तेव्हाच चढलेले असतात.

दारू आणि रस्ता यांचा संबंध न्यायालयाने ओळखला नाही, असं नाही. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीवर बंदी घातली. पण जुलै 2017 मध्ये, महापालिका हद्दीतल्या रस्त्यांना हा आदेश लागू नसल्याचं स्पष्ट झालं. म्हणजे शहरातला प्रश्न शहरांकडेच राहिला.

मग उपाय काय?

लंडनने ऑगस्ट 2016 पासून शुक्रवार-शनिवारी काही मार्गांवर रात्रभर भुयारी रेल्वे सुरू केली. मुंबईलाही हे अगदीच अनोळखी नाही. 31 डिसेंबरच्या रात्री मध्यरात्रीनंतर विशेष लोकल सोडल्या जातात. एका रात्री जमणारी गोष्ट दर शनिवारी किमान बसच्या रूपात करून पाहता येईल.

नाकाबंदी हवीच. पण ती माणूस गाडीत बसल्यानंतर कामी येते. तोवर सगळ्यात स्वस्त उपाय ग्रुपमधल्यांच्याच हातात आहे: गाडीचं काय करायचं, हे पहिल्या ग्लासाआधी ठरवणं. तिसऱ्या बारमध्ये हा निर्णय घेणारा माणूस तो निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसतो.