डॉक्टरांचा विमा आणि आपला केस पेपर

डॉक्टरांच्या विम्याचा हप्ता वाढला, ही बातमी आपल्या वस्तीत कोण वाचणार? विमा डॉक्टरचा, पैसे डॉक्टरचे, आपल्याला काय त्याचे? पण हा हप्ता शेवटी कोण भरतो ते पाहा. खासगी डॉक्टर तो बिलात घालतो. सरकारी डॉक्टरला बिल लावता येत नाही. मग त्यातला जो घाबरतो तो जोखमीचा पेशंटच टाळतो. अडलेली बाळंतीण दारात येते आणि हातात चिठ्ठी पडते, "मोठ्या दवाखान्यात न्या." रिक्षाचे भाडे आपले, वाटेत जाणारा जीवही आपलाच.

हप्ते वाढायला कारण आहे. २०१३ साली कोलकात्याच्या एका खासगी रुग्णालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटींची भरपाई दिली. असा आकडा ऐकून डॉक्टरने मोठ्या रकमेचा विमा मागावा आणि कंपनीने हप्ता चढवावा, यात नवल नाही.

पण आपल्याकडचा एक खटला पाहा. १९६३ साली औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात एका बाळंतिणीची नसबंदी झाली. पोटात कापड राहिले आणि ती बाई गेली. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले, हायकोर्टाने ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पुन्हा मंजूर केले. तेहतीस वर्षे! जन्मलेले बाळ तेवढ्यात बाप्या होते. निकालाने एक मात्र पक्के केले: सरकारी दवाखान्यातल्या हलगर्जीपणाची भरपाई सरकारने द्यायची.

मग सरकारी डॉक्टरने पगारातून हप्ता का भरावा? इंग्लंडात १९९० पासून सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांची भरपाई आरोग्यसेवाच उचलते. तिथल्या फॅमिली डॉक्टरांचे हप्ते फार वाढले तेव्हा २०१९ पासून त्यांचाही भार सरकारने घेतला. आपल्याकडेही नेमणुकीच्या आदेशातच ही हमी लिहून द्यावी, आणि कंत्राटी डॉक्टरला ती आधी द्यावी. तुटपुंजा पगार आणि उद्याचा भरवसा नाही, अशा माणसाकडून धीराची अपेक्षा कशी करायची?

मात्र डॉक्टरला हमी आणि पेशंटला तारखा, हे चालणार नाही. सर्वांना मोफत उपचार देणारा दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. केस पेपरचे चार पैसे भरले म्हणून आपण ग्राहक ठरत नाही. उरते दिवाणी कोर्ट. गरिबाला तेच सर्वांत महाग. सरकार पैसे देणारच असेल, तर ठरलेल्या मुदतीत चौकशी करून द्यावेत.

तोवर एवढे करा. डॉक्टरच्या अंगावर धावून जाऊन कुणाला भरपाई मिळालेली नाही, कागद मागा. लेखी अर्ज दिल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे. अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर तारखेसह पोच घ्या आणि ती घरी रेशनकार्डाजवळ जपून ठेवा.