ठाऊक असलेला कायदा

स्वदेशीचा उद्घोष करणाऱ्या लघुउद्योजकाला व्यवसायाचे ज्ञान नसते, असे नाही. व्याख्याने तो नेमाने ऐकतो. खतावणी मात्र महिनोन्महिने उघडत नाही. सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे करार नसल्यास १५ दिवसांत आणि लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत, विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. त्याला हे पाठ आहे! पण बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक नाही, माल पोचल्याची सही नाही, स्मरणपत्र तर नाहीच. मोठे गिऱ्हाईक तुटेल ही भीती अगदीच निराधार नव्हे. तथापि त्याच उधारीत कारागिरांची मजुरी अडकते. दर शनिवारी मजुरी वाटण्यापूर्वी खतावणी उघडावी आणि मुदत टळलेल्या प्रत्येक बिलाचे स्मरणपत्र त्याच दिवशी धाडावे.