सॉफ्टवेअरची मुक्त देवघेव आणि मक्तेदारांचे कुंपण

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीने ८ एप्रिल २०१९ रोजी 'धनुष' जातीच्या पहिल्या सहा तोफा सैन्याच्या स्वाधीन केल्या. या तोफेचे मूळ १९८६ सालच्या बोफोर्स करारात आहे. त्या करारातील दलालीचे प्रकरण देशभर गाजले. परंतु त्याच करारान्वये तोफेचे नकाशे आणि तंत्रज्ञानाची कागदपत्रेही भारताच्या हाती आली होती, याची चर्चा फारशी झाली नाही. ती वर्षानुवर्षे धूळ खात पडून राहिली. अखेर जेव्हा ती उलगडली गेली, तेव्हा आपल्या ऑर्डनन्स कारखान्यांतील कामगारांनी व तंत्रज्ञांनी मूळ तोफेची नुसती नक्कल केली नाही. ३९ कॅलिबर लांबीच्या नळीच्या जागी ४५ कॅलिबरची नळी आली आणि तोफेचा पल्ला वाढला.

यातून निघणारा धडा साधा आहे. नकाशा ज्याच्या हाती, त्याला वस्तू बनविता येते, दुरुस्त करता येते आणि सुधारताही येते. नकाशा ज्याच्या हाती नाही, तो कायमचा गिऱ्हाईक राहतो. संगणकाच्या जगात या नकाशाला 'सोर्स कोड' म्हणतात. हा कोड कोणाच्या मालकीचा असावा, यावरून गेली पन्नास वर्षे जगभर झगडा चालू आहे. 'हा संगणकवाल्यांचा आपसांतला प्रश्न आहे' असे समजून श्रमिक चळवळीने त्याकडे पाठ फिरविणे हे आता परवडणारे नाही.

हजारोंचे श्रम, दहा ओळींचे काम

कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केलेल्या कोणाही कामगाराला ठाऊक असते की प्रत्येक नगासाठी नवे जिग कोणी बनवीत नाही. एकदा नीट बनविलेले जिग पुनःपुन्हा वापरले जाते. सॉफ्टवेअरमधील 'लायब्ररी' ही अशीच वस्तू आहे. तारखांचा हिशेब करणे, फाइली उघडणे, संदेश गुप्त लिपीत पाठविणे ही कामे कोणी तरी एकदा नीट लिहून ठेवतो. इतर ती आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घेतात, त्यांतील चुका दाखवितात, दुरुस्त्या परत पाठवितात. अडलेल्याला अनोळखी माणूस विनामोबदला मार्ग दाखवितो.

२००५ साली जबलपूरला स्थापन झालेल्या माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प व विनिर्माण संस्थेत, डुमन्याच्या आवारात बसून एखादा विद्यार्थी पायथन भाषेत दहा ओळींची स्क्रिप्ट लिहितो, तेव्हा त्या दहा ओळींच्या पाठीशी देशोदेशींच्या हजारो माणसांचे श्रम उभे असतात. हे भांडार कोठून आले? भांडवलदारी वृत्तपत्रे सांगतात की खाजगी उद्योजकांच्या प्रतिभेतून आले. इतिहास वेगळेच सांगतो. पायथन भाषेचा जन्म अॅम्स्टरडॅम येथील सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या गणित-संशोधन संस्थेत झाला आणि ती १९९१ साली सर्वांसाठी खुली झाली. वर्ल्ड वाइड वेब युरोपातील सरकारांनी मिळून चालविलेल्या 'सर्न' या संशोधन केंद्रात निर्माण झाले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या केंद्राने ते कोणताही मोबदला न घेता जगाच्या हवाली केले. बर्कले विद्यापीठात तयार झालेल्या कोडावर आजची अनेक यंत्रे चालतात. सार्वजनिक संस्था आणि सामूहिक श्रम, हेच या भांडाराचे दोन पाये आहेत.

आधी शिव्या, मग मिठी

मक्तेदारांनी या देवघेवीचे स्वागत केले काय? मुळीच नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना एक जाहीर पत्र लिहून, आमचा बेसिक प्रोग्रॅम एकमेकांना देणारे तुम्ही चोर आहात, अशा अर्थाचा आरोप केला. ज्या बेसिक भाषेवर त्यांचा हा माल बेतलेला होता, ती भाषा १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयातील दोन अध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केली होती. आणि माल तयार करताना वापरलेला संगणक होता हार्वर्ड विद्यापीठाचा! समाजाकडून घेताना जी वस्तू सर्वांची असते, तीच समाजाला परत देताना खाजगी मालमत्ता होते. भांडवलशाही नीतिशास्त्राचे याहून बोलके उदाहरण कोणते?

या कुंपणाला संघटित उत्तर १९८३ साली मिळाले. रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये त्याच्या परवान्याचा मसुदा सर्वांपुढे आला. हा परवाना सांगतो : कोड वापरा, बदला, वाटा, परंतु बदललेला कोड वाटताना तो याच अटींवर वाटा. ज्या कायद्याने कुंपण घातले जाते, त्याच कायद्याचा उपयोग कुंपण रोखण्यासाठी करण्याची ही युक्ती होती. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेले लिनक्स पुढे याच परवान्याखाली वाढले. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला 'कॅन्सर' म्हटले.

आणि त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ साली, जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड जेथे ठेवतात ते 'गिटहब' साडेसात अब्ज डॉलर मोजून विकत घेतले. हृदयपरिवर्तन झाले असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढील घटना पाहाव्यात. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांचे कारण देऊन गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातील प्रोग्रॅमरांच्या खात्यांवर बंधने घातली. कोड त्यांचा, श्रम त्यांचे; पण कोठाराची किल्ली वॉशिंग्टनच्या हुकमाखाली. इराणपुरती ही बंधने २०२१ साली उठली, तीही अमेरिकी सरकारने परवाना दिल्यावर. त्याच वर्षी गिटहबने, लाखो लोकांनी खुल्या ठेवलेल्या कोडावर शिकविलेले 'कोपायलट' हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र पुढे आणले आणि २०२२ पासून त्यासाठी महिना दहा डॉलर आकारावयास सुरुवात केली. ज्यांच्या कोडावर यंत्र शिकले, त्यांना विचारले कोणी? परवान्यातील अटींचे काय झाले? त्या वर्षाच्या नोव्हेंबरात काही प्रोग्रॅमरांना हाच प्रश्न घेऊन अमेरिकेतील न्यायालयात जावे लागले.

प्रश्नोत्तरांची गोष्टही तीच. २००८ पासून प्रोग्रॅमरांनी एकमेकांना दिलेल्या उत्तरांवर उभे राहिलेले 'स्टॅक ओव्हरफ्लो' २०२१ साली १.८ अब्ज डॉलरना विकले गेले. उत्तरे लिहिणाऱ्यांच्या पदरी त्यातले काहीही पडले नाही. मे २०२४ मध्ये त्या उत्तरांचा साठा ओपनएआय या कंपनीला उपलब्ध करून देण्याचा करार झाला, तेव्हा निषेध म्हणून स्वतःचीच उत्तरे पुसणाऱ्यांची खाती काही काळ बंद करण्यात आली!

देखभाल कोणी करावयाची?

या लुटीची दुसरी बाजू म्हणजे देखभालीची हेळसांड. बँका, दुकाने आणि सरकारे आपले व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी 'ओपनएसएसएल' नावाची लायब्ररी वापरतात. एप्रिल २०१४ मध्ये तीत 'हार्टब्लीड' हा गंभीर दोष आढळला, तेव्हा जगाला कळले की या लायब्ररीवर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता आणि तिला मिळणाऱ्या वार्षिक देणग्या होत्या सुमारे दोन हजार डॉलर. अब्जावधींचा नफा कमावणाऱ्यांनी तोपर्यंत तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. २०२४ साली 'एक्सझेड' या लायब्ररीत, थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास संपादन करून, कोणी तरी चोरदरवाजा बसविला. तो ज्याने शोधून काढला, तो मायक्रोसॉफ्टचाच एक पगारी अभियंता होता. कंपनी आणि कंपनीत राबणारा माणूस यांत फरक करणे म्हणूनच आवश्यक आहे.

२०१६ साली 'एनपीएम' या लायब्ररी-भांडारात काय घडले तेही लक्षात ठेवावे. एका प्रोग्रॅमरच्या लायब्ररीचे नाव आपल्या नावाशी जुळते, म्हणून एका कंपनीने त्यावर हक्क सांगितला. भांडार चालविणाऱ्या कंपनीने त्याचा विरोध डावलून ते नाव तिला देऊन टाकले. संतापून त्याने आपला सगळा कोड काढून घेतला. त्यात अवघ्या अकरा ओळींची एक लायब्ररी होती. ती गेल्याबरोबर जगभरच्या असंख्य प्रोग्रॅमांची बांधणी कोलमडली आणि तीच कंपनी लेखकाच्या इच्छेविरुद्ध तो कोड तातडीने परत बसवून मोकळी झाली. उत्पादन किती सामाजिक झाले आहे आणि निर्णय किती खाजगी राहिले आहेत, याचे यापेक्षा लख्ख दर्शन शोधून सापडणार नाही. हे भांडारही २०२० साली गिटहबच्या, म्हणजेच मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेले.

दोन भ्रम

यावर कंपन्यांचे वकील म्हणतात : लिनक्समध्ये आज भर घालणारे बहुसंख्य प्रोग्रॅमर कंपन्यांचे पगारदार आहेत; तेव्हा ही मुक्त देवघेव कंपन्यांचीच देणगी नव्हे काय? पगारदारांची गोष्ट खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. एकट्या कंपनीला असे सॉफ्टवेअर स्वतःपुरते लिहिणे झेपत नाही, म्हणूनच ती या सामूहिक कामात माणसे पाठविते. आणि पाठविलेला माणूस काम करतो ते श्रम त्याचे असतात, मालकाचे औदार्य नव्हे.

दुसरा भ्रम आपल्याच मंडळींत आढळतो. काही साथी या चळवळीला मध्यमवर्गीयांचा हौशी उद्योग म्हणून झटकून टाकतात, तर काहींना तीत समाजवाद आयताच अवतरलेला दिसतो. दोघेही चुकतात. देवघेव केली म्हणजे मालकीचा प्रश्न सुटत नाही. वाटलेला कोड राखावयाचा कोणी, ठेवावयाचा कोठे आणि कोणत्या अटींवर, हे ज्यांच्या हाती, सत्ता त्यांच्याच हाती. कोणत्याही अटीविना दिलेला कोड उद्या बंद मालात जाऊन बसतो आणि लिहिणाऱ्यालाच पैसे मोजून घ्यावा लागतो.

बंद मालाची किंमत मराठी छापखान्यांना वेगळी सांगावयास नको. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या फाँटची सांकेतिक मांडणी निराळी होती. एका फाँटात जुळविलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा होत असे. अंकांच्या अंकांचे असे साठे फाँट विकणाऱ्याच्या मर्जीवर अडकून पडले. आज मराठी मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो, तो समान प्रमाण आणि मुक्त परवान्याचे फाँट यांमुळे.

आपले कार्य

संघटित हस्तक्षेपाने काय साधते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने सॉफ्टवेअरवर पेटंट देण्यास मागल्या दाराने वाट करून दिली होती. मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी विरोध उभारला, संसदेत डाव्या पक्षांनी तो नेटाने लावून धरला आणि २००५ च्या पेटंट दुरुस्ती कायद्यातून ती तरतूद गाळावी लागली. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरचा अंगीकार करून दाखविला. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत खटल्यांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुण्यातील प्रोग्रॅमरांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर उभारली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ असलेल्या जबलपुरात एखादा विडी कामगार आपल्या खटल्याची पुढील तारीख जिल्हा न्यायालयात विचारतो, तेव्हा त्याला मिळणाऱ्या उत्तरामागे याच सामायिक श्रमांचे बळ असते.

केंद्र सरकारने २०१५ साली दोन धोरणे जाहीर केली : सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला अग्रक्रम द्यावयाचा आणि सरकारी प्रणालींचा कोड खुला करावयाचा. कागदावर उत्तम! पण 'आरोग्य सेतू'चा कोड मे २०२० मध्ये खुला झाला तो लोकांनी ओरड केल्यानंतर. आणि ठेवला कोठे, तर गिटहबवर, म्हणजे परदेशी मक्तेदाराच्या कोठारात!

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. जनतेच्या पैशातून लिहिलेला कोड जनतेला खुला झाला पाहिजे आणि तो परत बंद करता येणार नाही अशा परवान्याखाली खुला झाला पाहिजे. त्याचे कोठार देशातील सार्वजनिक संस्थांच्या ताब्यात असले पाहिजे. जर्मनीने २०२२ साली मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभारला. तसा निधी येथेही उभा राहिला पाहिजे, जेणेकरून लायब्ररी राखणारा माणूस देणगीवर नव्हे, पगारावर जगेल. लोकांच्या कोडावर यंत्रे शिकविणाऱ्या कंपन्यांना परवान्यांच्या अटी पाळावयास कायद्याने भाग पाडले पाहिजे. आणि शाळा-महाविद्यालयांत एका कंपनीचा माल वापरण्याचे शिक्षण बंद होऊन, नकाशा वाचण्याचे शिक्षण सुरू झाले पाहिजे.

या मागण्या प्रोग्रॅमरांपुरत्या नाहीत. रेशनच्या दुकानातील अंगठ्याचे यंत्र, रोजगार हमीची हजेरी, कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब हे सारे आता कोडावर चालते. यंत्राने नाव नाकारले तर का नाकारले, हे तपासण्याचा हक्क ज्याला नाही, त्याचा रेशनवरील हक्कही अधुराच. म्हणून कामगार संघटनांनी पुणे, बंगळूर आणि जबलपूर येथील तरुण प्रोग्रॅमरांशी हा प्रश्न घेऊन बोलावयास हवे. एकमेकांना फुकट मदत करण्याची सवय त्यांना आहेच. त्या मदतीच्या फळावर सामूहिक हक्क सांगण्याची सवय मात्र संघटनेतूनच लागेल.