आडवा हात

मुळशीच्या पाण्याकाठी माझ्या मेहुण्याने पडवीत सागाची होडी बांधली आणि ऐन गणपतीत व्हार्निशचा डबा उघडायला बसला. ताम्हिणीचा पाऊस अंगात मुरलेलं ते लाकूड! मी डबाच लपवला, दिवाळीनंतर दिला. तेव्हाही आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी २२०, आणि घासायचं रेषांच्या दिशेनेच. एक आडवा हात मारलात की तो ओरखडा व्हार्निशखालून जन्मभर दात काढतो. धूळ टर्पेंटाइन लावलेल्या जुन्या बनियनने पुसायची, पहिला हात पातळच द्यायचा. घासणं हेच खरं काम, चकाकी म्हणजे नुसतं मिरवणं. इथल्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा १९२१ चा सत्याग्रह झाला, तरी गावं या पाण्याखाली गेलीच. त्यांच्यावरून होडी न्यायची तर घाई कसली? मेहुणा अजून १२० वरच आहे आणि माझ्याशी बोलत नाही.