कुलाबा हरवलेला रायगड जिल्हा

१/९ आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८० अखेरपर्यंत कुलाबा होते. पुण्यातील तरुण इतिहासप्रेमींना ‘कुलाबा’ म्हटले की मुंबईचे दक्षिण टोक आठवते. हा निव्वळ नावांचा घोटाळा नव्हे. मराठ्यांचा इतिहास आपण घाटमाथ्यावर उभे राहून वाचतो, त्याचे हे फळ आहे.

२/९ आधी भूगोल. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांमधील ही चिंचोळी पट्टी धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट अशा खाड्यांनी चिरलेली आहे. रायगड किल्ला महाड तालुक्यात. जिल्ह्याचे ठाणे मात्र आंगऱ्यांच्या अलिबागेस.

३/९ अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला शिवछत्रपतींनी १६८० मध्ये बांधावयास घेतला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही त्यांना तो कान्होजी आंगऱ्यांकडून घेता आला नाही.

४/९ जे बाहेरच्या शत्रूंना जमले नाही, त्याला वाट पुण्याने करून दिली. १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंगऱ्यांविरुद्ध इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. आंगऱ्यांचे आरमार बंदरातच जळाले.

५/९ यावर ठरलेला बचाव असा : तुळाजी बेबंद होता, त्याला शासन आवश्यकच होते. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरेच. परंतु सरदाराला शासन करणे वेगळे आणि परक्या आरमाराकरवी स्वतःचे आरमार जाळून घेणे वेगळे. पहिल्याने राज्य सावरते. दुसऱ्याने किनारा उघडा पडतो.

६/९ किंमत पाहा. ऑक्टोबर १७५६ च्या पुणे तहाने विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. बाणकोट इंग्रजांकडे राहिले. बाणकोट म्हणजे सावित्रीचे मुख, आणि त्याच सावित्रीकाठी रायगडाच्या पायथ्याचे महाड. राजधानीच्या गडाचे सागरी दार असे परक्याच्या हाती गेले.

७/९ मे १८१८ मध्ये कोकणातून चालून आलेल्या कर्नल प्रॉथरच्या तोफांपुढे रायगड पडला. १८४० मध्ये औरस वारस नाही या सबबीवर कुलाब्याचे आंगरे संस्थानही कंपनीने खालसा केले. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

८/९ १ जानेवारी १९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले. राजधानीचा हा गौरव यथोचितच. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याला मात्र सिंधुदुर्ग हे जलदुर्गाचे नाव लाभले. म्हणजे गड आणि समुद्र यांत निवड करण्याची सक्ती इतिहासाने केलेली नाही. ती आपल्या वाचनाने केली आहे.

९/९ पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन, तेही याच किनाऱ्यावरचे. किनाऱ्यावरून आलेल्या घराण्याला किनाऱ्याचे मोल कळू नये, ही आपल्या इतिहासातील मोठी चूक होय. शनिवारवाड्याच्या अभिमानापोटी तिच्यावर पांघरूण घालणे ही दुसरी. आणि ती करणारे आपण आहोत.