मॅच संपल्यावर हात द्यायचा की नाही?



या पानासाठी एरवी तुमची पत्रं येतात ती सासूबाईंच्या पथ्याची, मुलाच्या न जेवण्याची, नाहीतर पावसाळ्यात मसाल्याला बुरशी धरते त्याची. अलिबागकडच्या एका भगिनीचं पत्र मात्र चक्क क्रिकेटचं आहे. दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोनदा कागद बाजूला ठेवला. म्हणून उशीर झाला, ताई, रागावू नका.

पत्र थोडक्यात असं. गणपती उठल्यानंतरची गोष्ट. १४ सप्टेंबर २०२५ ला दुबईत आशिया चषकाची भारत-पाकिस्तान मॅच झाली. आपण जिंकलो, आणि जिंकल्यावर आपला कर्णधार सूर्यकुमार यादव नि त्याचे सोबती समोरच्या संघाशी हात न मिळवता आत निघून गेले. घरोघरी टीव्हीवर सगळ्यांनी ते पाहिलं. त्यानंतर दोन दिवसांनी ओहोटीच्या ओल्या वाळूवर आळीतल्या पोरांची मॅच होती. पाणी स्टंपाला लागलं की खेळ संपला, असा त्यांचा नियम. खेळ संपला तसा शेजारच्या मुसलमान कुटुंबातल्या मुलाने हात पुढे केला. या ताईंचा बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आपण नाही द्यायचा," आणि पाठ फिरवून चालू लागला. बाकीची पोरंही त्याच्यामागे.

गंमत म्हणायची की काय म्हणायचं, तो मुलगा यांच्याच संघातून खेळला होता! शेवटच्या ओव्हरमध्ये धावाही त्यानेच काढल्या होत्या. तेव्हापासून तो किनाऱ्यावर येत नाही. त्याची आई आणि या ताई दर उन्हाळ्यात जोडीने मसाला दळून आणतात. ती काही बोलली नाही, पण गिरणीत भेटली तेव्हा नजर चुकवली. घरातले पुरुष म्हणतात, पोरांची भांडणं, तुम्ही मध्ये पडू नका. ताई विचारतात, "मुलाला काय सांगू? त्याने तर मोठ्यांनी केलं तेच केलं."

खरं आहे. म्हणूनच आधी मोठ्यांचं बोलू.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला अतिरेक्यांनी २६ माणसं मारली. त्यात आपल्या महाराष्ट्राचे सहा जण होते आणि एक तर आपल्याच रायगडातल्या पनवेलचा. सुट्टीला गेलेली घरं ती. कर्णधाराने मॅचनंतर सांगितलं की आम्ही त्या कुटुंबांच्या बरोबर आहोत. तो ज्या जागी उभा होता तिथे तुम्ही-आम्ही नव्हतो, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. तरी एक मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही. हात द्यायचा नव्हता तर खेळायचं तरी कशाला? पंगतीला बसायचं, पोटभर जेवायचं आणि वाढणाऱ्याकडे बघायचं नाही, असं काहीसं ते मला वाटलं. असो, हे माझं मत झालं.

आता खेळाने शांतता येते का? मोठमोठे लोक तसं म्हणतात. १९७१ साली जपानमध्ये टेबल टेनिसच्या स्पर्धेत एक अमेरिकन खेळाडू चुकून चिनी संघाच्या बसमध्ये चढला. सगळे गप्प. शेवटी एका चिनी खेळाडूने जागेवरून उठून त्याला रेशमावरचं चित्र भेट दिलं. त्याच महिन्यात अमेरिकेचा संघ चीनमध्ये खेळायला गेला आणि पुढच्या वर्षी त्यांचे अध्यक्ष निक्सनही गेले. गोष्ट छान आहे, पण दोन्ही सरकारांच्या मनात आधीपासून तसं होतं हे विसरू नका. दार आतून उघडायचं ठरलेलंच होतं. खेळाडूने कडी वाजवली इतकंच. आतल्या माणसाला उघडायचं नसेल तर कडी कितीही वाजवा!

मी श्रीवर्धनला राहते. इथून दिवेआगरला जाताना समुद्राच्या कडेने शेखाडी लागते. फेब्रुवारी १९९३ मध्ये त्याच किनाऱ्यावर आरडीएक्स उतरवलं गेलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. पुढे खटल्यात कस्टमचे नि पोलिसांतलेही लोक दोषी ठरले, पण ते बऱ्याच वर्षांनी. त्या मार्चमध्ये गावात हिशेब एकच होता, ते आणि आपण.

आमच्या परसाला लागूनच एका भाभीचं परस. मध्ये कुडाचं कुंपण, त्यावरून वाटी जायची-यायची. ईदला तिच्याकडून शीरखुर्मा, दिवाळीला माझ्याकडून करंज्या-चिवडा. वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. १९९२ च्या दिवाळीत माझी स्टीलची वाटी तिच्याकडे गेली, आणि ब्लास्टनंतर पंधरा दिवसांतच ईद आली तेव्हा ती परत आली नाही. भांडण नाही, वावगा शब्द नाही. मी मनात म्हटलं, ती पाठवत नाही तर मी कशाला? पुढच्या दिवाळीत मीही काही पाठवलं नाही. पाणी आलं का, लाइट गेली का, एवढंच बोलणं उरलं. अकरा वर्षं!

मग २००४ साल आलं. वाजपेयींच्या सरकारने आपला संघ पाकिस्तानला पाठवला. १३ मार्चला कराचीत पहिली वनडे. ब्लास्टला अकरा वर्षं आणि वर एक दिवस झालेला. दुपारी भाभी आमच्या ओटीवर येऊन उभी राहिली. तिच्याकडचा टीव्ही बिघडला होता. म्हणाली, "वहिनी, मॅच नको मला. कराची बघायचीय." तिच्या आईची सख्खी बहीण लग्न होऊन कराचीला गेलेली, भाभीने तिला कधी पाहिलेलंच नव्हतं. आपल्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांची बरीच कुटुंबं तिकडे आहेत.

तर आम्ही मॅच पाहिली. आमचे हे आणि मुलं धावा मोजत होती, आणि भाभी कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला की पुढे सरकून बायकांचे चेहरे बघत होती. आपण ३४९ केल्या. त्यांनीही सोडलं नाही, इंझमामने १२२ काढल्या. शेवटच्या चेंडूवर सिक्सर हवी होती. नेहराने चेंडू टाकला, मोईन खानने उडवला आणि आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने झेल घेतला. आपण पाच धावांनी जिंकलो. पोरं ओट्यावर नाचली. आणि कराचीचे लोक, ज्यांचा संघ हरला होता ते, उभे राहून आपल्या संघासाठी टाळ्या वाजवत होते.

भाभी म्हणाली, "मावशी काय दिसली नाय. टाळ्या तरी दिसल्या."

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून वाटी आली. माझीच, सासऱ्यांचं नाव कोरलेली, आत गरम शेवया. मी विचारलं, इतकी वर्षं ठेवलीस? तर म्हणते, "रिकामी कशी देऊ?"

मॅचने हे केलं असं मी म्हणणार नाही. मॅचने निमित्त दिलं. त्या दौऱ्यात लाहोरला गेलेल्या आपल्या लोकांकडून दुकानदारांनी, टॅक्सीवाल्यांनी पैसे घेतले नाहीत असं वर्तमानपत्रांत भरभरून आलं होतं. पण २००८ च्या नोव्हेंबरात दहा जण समुद्रातूनच आले आणि मुंबईत पुन्हा १६६ माणसं गेली. त्या टाळ्यांनी त्यांना काही अडवलं नाही. दोन देशांच्या आपसातल्या मालिका बंद पडल्या. मध्ये एकदा झाली ती जानेवारी २०१३ ला संपली, त्यानंतर आजवर नाही. २००८ ला फरक पडला तो एवढाच की आमच्या कुंपणावरची वाटी या वेळी थांबली नाही. ब्लास्टच्या वेळी आम्ही दोघी एकमेकींची वाट बघत बसलो होतो. या वेळी दुसऱ्याच दिवशी मी स्वतः तिच्या दारात गेले.

बायकांच्या क्रिकेटकडे कुणी फारसं बघत नाही, पण या बाबतीत शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे. २०१३ ला महिलांचा विश्वचषक आपल्याकडे होता. पाकिस्तानच्या मुलींच्या मुंबईतल्या मॅचेस विरोधामुळे कटकला न्याव्या लागल्या. तिथेही त्या पोरी हॉटेलात नव्हे, स्टेडियमच्याच क्लबहाउसमध्ये राहिल्या. आणि ६ मार्च २०२२ ला न्यूझीलंडमध्ये काय झालं? पाकिस्तानची कप्तान बिस्माह मारूफ सहा महिन्यांच्या लेकीला घेऊन विश्वचषकाला आली होती. आपण त्यांना १०७ धावांनी हरवलं आणि मग आपल्या मुली त्या बाळाभोवती गोळा झाल्या. कुणी त्याला हसवतंय, कुणी फोटो काढतंय. बाळंतपणानंतर सहा महिन्यांत ती मैदानात उतरली याचं सांगलीच्या स्मृती मानधनाने मनापासून कौतुक केलं. सहा महिन्यांची ओली बाळंतीण म्हणजे काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको!

साडेतीन वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२५ ला कोलंबोत, याच दोन देशांच्या मुली हात न मिळवता मैदानाबाहेर गेल्या. हरमनप्रीत तीच, स्मृती तीच. पण त्यांचं मन बदललं असेल असं मला वाटत नाही. वरून सांगणं आलं असणार. नोव्हेंबरात भारत आणि श्रीलंकेत मिळून अंध महिलांचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारत आणि पाकिस्तानच्या मुलींनी मॅचनंतर हात मिळवले. त्यांच्याकडे कॅमेरे कमी होते, हेही एक कारण असेल.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते नीरज चोप्राच्या आईचं. ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला पाकिस्तानच्या अर्शद नदीमने भाला ९२.९७ मीटर फेकून सोनं नेलं, नीरजला रुपं मिळालं. सरोजदेवी म्हणाल्या की सोनं ज्याला मिळालं तोही आपलाच मुलगा. तिकडे अर्शदच्या आईनेही नीरज आपल्याला मुलासारखा असल्याचं सांगितलं. दोन्ही देशांत केवढं कौतुक! पहलगामनंतर मात्र त्याच वाक्यावरून या माउलीला नाही नाही ते ऐकवलं गेलं. नीरजला जाहीर पत्रक काढावं लागलं. वर्षभरापूर्वी माझ्या आईच्या साधेपणाचं कौतुक करणारे लोकच आज तिच्यावर तुटून पडताहेत, असं त्याने त्यात लिहिलं. अर्शदला त्याने स्पर्धेचं बोलावणं पाठवलं होतं, तेही हल्ल्याच्या आदल्या दिवशी.

म्हणून ताई, मध्ये पडलात तर चार शब्द तुम्हालाही ऐकावे लागतील, हे आधीच सांगते. पण पडा.

मुलाला आल्या आल्या रागावू नका. जेवताना, सगळ्यांसमोर तर मुळीच नाही. नारळ खवताना नाहीतर अंथरूण घालताना नुसतं विचारा, "त्या दिवशी शेवटच्या ओव्हरला धावा कुणी काढल्या रे?" नाव त्याच्याच तोंडून येऊ द्या. मग विचारा, तो कुणाकडून खेळत होता? दुबईत समोर दुसऱ्या देशाचा संघ होता. तुमच्या वाळूवर समोर कोण होतं? तो मुलगा तुमच्या आळीत जन्मला, तुमच्या मुलाच्या बाकावर बसतो. पाकिस्तानशी त्याचा संबंध काय? हे मोठ्या माणसांनाही समजावून सांगावं लागतं, बारा वर्षांच्या पोराला कुणी सांगितलंच नसेल तर त्याचा काय दोष? पहलगामचंही सांगा, लपवू नका. तिथला एक घोडेवाला मुसलमान तरुण पर्यटकांना वाचवायला गेला आणि गोळ्या लागून गेला, हेही सांगा. दोन्ही गोष्टी त्याच दिवशी घडल्या.

माफी माग म्हणून त्याला त्यांच्या दारात उभं करू नका. पोरांना ते जमत नाही आणि समोरच्या पोरालाही अवघड होतं. त्यापेक्षा एक नवा टेनिसचा चेंडू आणा आणि म्हणावं, ओहोटी कधी आहे ते बघ आणि त्याला बोलावून आण, तुम्हाला बॅट्समन हवाच आहे. हाक मारायला आपल्या मुलाने एकट्याने जायचं, टोळी घेऊन नाही. पहिल्या दिवशी तो येणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवा.

त्याच्या आईकडे मात्र तुम्ही स्वतः जा, आणि तिने आधी बोलावं म्हणून थांबू नका. मी थांबले होते, त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. जाताना हातात काहीतरी असू द्या, नाहीतर दोघींनाही काय बोलावं ते सुचत नाही. ओल्या नारळाच्या चार वड्या पुरे. वाटी मात्र घरातली, नाव कोरलेली घ्या.

काय झालं ते दोन ओळींत कळवा. मसाल्याच्या बुरशीबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी एक आठवडा थांबावं. तोवर बरणी उन्हात ठेवू नका, मसाला काढून ताटात पसरा.