वकील निवडायचा, तोही मतं देऊन!

मुलांनो,

सरपंच, आमदार, खासदार यांच्या निवडणुका तुम्ही पाहता. भोंगे लावलेल्या रिक्षा फिरतात, भिंती रंगतात, आई-बाबा बोटाला शाई लावून घरी येतात. पण राज्याचा वकील कोण असावा, हे ठरवायलाही लोक रांगेत उभे राहतात असं सांगितलं तर? अमेरिकेत हे खरोखर घडतं, बरं का!

आधी आपल्याकडची पद्धत पाहू. केंद्र सरकारचा सर्वांत मोठा वकील म्हणजे भारताचा महान्यायवादी. इंग्रजीत त्याला ॲटर्नी जनरल म्हणतात. त्याला राष्ट्रपती नेमतात. प्रत्येक राज्याला असाच एक महाधिवक्ता असतो. त्याला राज्यपाल नेमतात. तिथे मतदानाचा प्रश्नच येत नाही.

अमेरिकेतल्या ५० राज्यांपैकी ४३ राज्यांत मात्र राज्याचा ॲटर्नी जनरल थेट जनता निवडते. पाच राज्यांत त्याला गव्हर्नर नेमतो. (तिथला गव्हर्नर स्वतः लोकांनी निवडलेला असतो, साधारण आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.) मेन राज्यात विधिमंडळ त्याची निवड करतं, तर टेनेसीमध्ये राज्याचं सर्वोच्च न्यायालय.

आता तुम्ही विचाराल, "एका वकिलासाठी एवढा खटाटोप कशाला?" त्याचं कारण त्याच्या कामात आहे. सरकारी खात्यांना कायद्याचा सल्ला देणं, कोर्टात राज्याची बाजू मांडणं आणि लोकांना फसवणाऱ्या कंपन्यांवर खटले भरणं ही त्याची कामं. एक उदाहरण देतो. १९९४ मध्ये मिसिसिपी राज्याचे ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी सिगारेट कंपन्यांवर खटला भरला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : सिगारेट विकून नफा तुम्ही कमावता, पण आजारी पडलेल्या गरिबांच्या औषधपाण्याचा खर्च राज्याने का सोसायचा? पाहता पाहता इतर राज्यंही पुढे आली. १९९८ मध्ये ४६ राज्यांशी कंपन्यांना करार करावा लागला. २५ वर्षांत सुमारे २०,६०० कोटी डॉलर देण्याचं ठरलं. शिवाय मुलांना भुरळ घालणारी कार्टून सिगारेटच्या जाहिरातींत वापरायची नाहीत, हेही कबूल करावं लागलं. एवढी ताकद ज्या खुर्चीत आहे, तिच्यावर कोण बसतो याला महत्त्व असणारच!

अशाच एका खुर्चीसाठी व्हर्जिनिया राज्यात झालेल्या निवडणुकीची गोष्ट ऐका. तारीख ५ नोव्हेंबर २०१३. डेमोक्रॅटिक पक्षाचे मार्क हेरिंग आणि रिपब्लिकन पक्षाचे मार्क ओबेनशेन समोरासमोर होते. दोघांचंही नाव मार्क आणि दोघंही राज्याच्या सिनेटचे सभासद! मतदान संपलं तेव्हा ओबेनशेन थोड्या मतांनी पुढे होते. पण पुढच्या काही दिवसांत तपासणी सुरू झाली आणि आकडे हलू लागले. फेअरफॅक्स काउंटीत तर आधीच दिलेली काही हजार मतं मोजायचीच राहून गेली होती. पारडं कधी इकडे झुके, कधी तिकडे. शेवटी नोव्हेंबरअखेर अधिकृत आकडे जाहीर झाले :

हेरिंग : ११,०३,७७७
ओबेनशेन : ११,०३,६१२

करा पाहू वजाबाकी. फरक फक्त १६५ मतांचा!

हा फरक किती लहान, ते डोळ्यांसमोर आणू या. एक मत म्हणजे एक मिलिमीटर असं समजा. दोघांची मिळून २२ लाख मतं एका ओळीत मांडली, तर ती ओळ दोन किलोमीटरहून लांब होईल. आणि फरक? साडेसोळा सेंटिमीटर! म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा जेमतेम दीड सेंटिमीटर जास्त.

ओबेनशेन यांनी फेरमोजणी मागितली. हा रडीचा डाव नव्हता हं. फरक इतका कमी असेल, तर मागे पडलेल्या उमेदवाराला तसा हक्क व्हर्जिनियाच्या कायद्यानेच दिला आहे. डिसेंबरमध्ये तीन न्यायाधीशांच्या देखरेखीखाली मतं पुन्हा मोजली गेली. जिथे यंत्राला खूण नीट वाचता आली नव्हती, त्या मतपत्रिका माणसांनी डोळ्यांनी तपासल्या. हेरिंग यांची आघाडी वाढून ९०७ झाली. १८ डिसेंबरला ओबेनशेन यांनी आपला पराभव मान्य केला आणि हेरिंग यांचं अभिनंदन केलं. लोकशाहीत जिंकणाऱ्यापेक्षाही हरणाऱ्याचं काम कधी कधी अवघड असतं. "पुन्हा मोजा" म्हणायचं धैर्य हवं आणि मोजून झाल्यावर "मान्य आहे" म्हणायचा मोठेपणाही हवा.

गोष्ट इथे संपत नाही. जानेवारी २०१४ मध्ये हेरिंग यांनी पदाची शपथ घेतली आणि त्याच महिन्यात एक मोठा निर्णय जाहीर केला. व्हर्जिनियात दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या विवाहाला बंदी होती. २००६ मध्ये लोकांनी मतदान करूनच ती राज्याच्या घटनेत घातली होती. स्वतः हेरिंग यांनीही तेव्हा सिनेटमध्ये तिला पाठिंबा दिला होता. तीविरुद्ध कोर्टात खटला चालू होता. हेरिंग म्हणाले, ही बंदी अमेरिकेच्या घटनेला धरून नाही, म्हणून मी कोर्टात तिची बाजू मांडणार नाही. अनेकांना आनंद झाला. अनेकजण संतापले. ते म्हणाले, "राज्याच्या वकिलाने राज्याच्या कायद्याची बाजू मांडायची नाही, तर मग कोणी मांडायची?" पुढे कोर्टाने ती बंदी रद्द ठरवली आणि ऑक्टोबर २०१४ पासून असे विवाह तिथे होऊ लागले.

पाहिलंत? २२ लाखांतली ९०७ मतं. तेवढ्यांवरून राज्य कोर्टात कोणत्या बाजूला उभं राहणार, हे ठरलं. "माझ्या एका मताने काय होतंय?" असं कोणी म्हणालं, तर त्याला ही पट्टीची गोष्ट जरूर सांगा.

आता तुमच्यासाठी थोडं काम. आपल्या भावना नि विचार वहीत मांडून पाहा.

१) राज्याचा वकील नेमलेला बरा की निवडलेला? नेमलेल्याला मतांसाठी लोकांची मनं राखावी लागत नाहीत. निवडलेल्याला लोकांना उत्तर द्यावं लागतं. तुम्हांला काय पटतं?

२) एखादा कायदा चुकीचा आहे असं वकिलाला मनापासून वाटलं, तर त्याने त्याची बाजू मांडावी का?

आणि हो, वर्गात मॉनिटरची निवडणूक झाली आणि दोन मतांनी हरलेली मैत्रीण म्हणाली, "चिठ्ठ्या परत मोजा," तर तिच्यावर हसू नका. सगळ्यांसमोर, शांतपणे, परत मोजा.

तुमचाच,
मास्तर